काचेत राहिलेली भिंत : आदोल्फ मास आणि १९०७ ची पिरेनीज मोहीम

१९०७ सालचा उन्हाळा सरत असताना बार्सिलोनाहून निघालेली पाच माणसे पिरेनीज पर्वताच्या दऱ्यांमध्ये शिरली. त्यांत दोन वास्तुविशारद होते, एक कायदेपंडित होता, एक पाद्री होता आणि एक छायाचित्रकार होता. मोहिमेचा म्होरक्या जोसेप पुच इ कादाफाल्क याचे नाव कातालोनियाच्या, म्हणजे बार्सिलोना ज्याची राजधानी आहे त्या स्पेनच्या ईशान्य प्रांताच्या, इतिहासात ठळक अक्षरांत आहे. आदोल्फ मास या छायाचित्रकाराचे नाव मात्र बहुधा चित्राखालच्या बारीक ओळीतच सापडते. या अभ्यासाचा विषय तो छायाचित्रकार आहे. त्या मोहिमेत टिपलेल्या भिंतींवरची चित्रे पुढच्या सोळा वर्षांत तिथून निघून गेली. ते चित्र, त्याखालची भिंत, बाजूचा झरोका आणि समोरची वेदी एकमेकांना कशी धरून होती, याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा म्हणून आज जे उरले आहे त्यात मासच्या काचांचा, म्हणजे त्या काळी छायाचित्राची निगेटिव्ह ज्यावर उमटे त्या काचेच्या तावदानांचा, वाटा फार मोठा आहे. त्या काचांमुळे काय वाचले आणि काय वाचले नाही, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

मासचा जन्म १८६० सालचा, कातालोनियाच्या अंतर्भागातील सोलसोना या गावचा. विसावे शतक उजाडत असताना, म्हणजे स्वतःच्या वयाची चाळिशी गाठल्यावर, त्याने बार्सिलोनात छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. त्या काळी या धंद्यात पोट भरण्याचा रूढ मार्ग म्हणजे चेहरे टिपणे. लग्न, बारसे, पदवी, प्रथम प्रसाद ग्रहण असे प्रसंग यायचे, गिऱ्हाईक रंगवलेल्या पडद्यापुढे बसायचे, प्रत घेऊन जायचे आणि व्यवहार तिथे संपायचा. मासने हळूहळू वेगळी वाट धरली. इमारती, शिल्पे, वेद्या, जुनी चित्रे आणि चर्चमधील चांदीची भांडी यांची छायाचित्रे काढायची, मूळ काच स्वतःकडे ठेवायची, तिला क्रमांक द्यायचा, नोंद करायची आणि ज्याला हवी असेल त्याला प्रत विकायची, अशी ती वाट होती. यात एका गिऱ्हाइकाकडून मिळणारा पैसा थोडा असतो, परंतु तीच काच दहा, वीस, पन्नास वर्षे कामाला येते. ‘आर्काइव्ह मास’ या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या संग्रहाचे मूळ या साध्या व्यापारी हिशेबात आहे, आणि त्यात कमीपणाचे काहीच नाही असे मला वाटते. काच विकायची नाही, प्रत विकायची, एवढा एक निर्णय नसता तर पुढे सांगायची बहुतेक गोष्ट घडलीच नसती.

या वाटेला त्या शहरात गिऱ्हाईकही होते, आणि ते का होते हे समजून घेतल्याशिवाय मासची कारकीर्द समजत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कातालान भाषेचे आणि अस्मितेचे पुनरुज्जीवन झाले होते, आणि आपल्या भूमीचे मध्ययुग शोधून काढणे हा त्या चळवळीचा एक मोठा भाग होता. १८७६ साली बार्सिलोनात स्थापन झालेल्या पदभ्रमण संघाचे सभासद सुट्टीच्या दिवशी डोंगरदऱ्यांत जात, ओस पडलेली देवळे पाहत, मोजमापे घेत, लोकगीते उतरवून घेत. वास्तुविशारद ल्युईस दोमेनेक इ मुन्तानेर मोहिमेच्या आधीच पिरेनीजमधील रोमनेस्क चर्चांच्या अभ्यासासाठी त्या भागात फिरून आला होता. अकराव्या-बाराव्या शतकांत बांधलेली ही दगडी, जाड भिंतींची, उंच मनोऱ्यांची चर्चे कातालान लोकांना आपल्या राष्ट्राच्या बालपणाची खूण वाटत होती. नव्या इमारती बांधणारे वास्तुविशारदच जुन्या इमारतींचे इतिहासकार होते, आणि त्यांना आपले म्हणणे मांडण्यासाठी पुरावा हवा होता. रेखाचित्रात काढणाऱ्याचा हात येतो, म्हणून छायाचित्र हवे, असा तो विचार होता.

मोहीम

१९०७ च्या जून महिन्यात बार्सिलोना प्रांताच्या प्रतिनिधी सभेचा अध्यक्ष एन्रिक प्रात दे ला रिबा याने कातालान अध्ययन संस्था स्थापन केली. काही आठवड्यांतच या संस्थेने आपली पहिली मोठी मोहीम आखली. तिचे नाव होते ‘आरागोनच्या रेषेवरील पुरातत्त्व व विधी मोहीम’. रेषा म्हणजे कातालोनिया आणि आरागोन यांच्यामधली सीमा. त्या सीमेच्या दोन्ही अंगांच्या खेड्यांतले जुने दस्तऐवज, चालीरीती आणि परंपरागत कायदा पाहण्याचे काम गिल्येम मारिया दे ब्रोका या कायदेपंडिताकडे होते. वास्तूंचे काम पुच इ कादाफाल्क आणि तरुण वास्तुविशारद जोसेप गोदाय यांच्याकडे होते. विक येथील धर्मप्रांतीय संग्रहालय सांभाळणारा पाद्री जोसेप गुदिओल इ कुनिल याच्याकडे मूर्ती, चित्रे आणि पूजेची उपकरणे होती. आणि या सगळ्यांना जे जे दिसेल ते काचेवर उतरवण्याचे काम मासचे होते.

मोहीम पिरेनीजमधल्या ज्या बोईच्या खोऱ्यात गेली तिथे आज मोटारीने जाता येते. तेव्हा चाकाची गाडी त्या गावांपर्यंत पोहोचत नव्हती आणि सामान खेचरांच्या पाठीवरून न्यावे लागे. छायाचित्रकाराच्या सामानाचा नुसता अंदाज केला तरी त्या प्रवासाचा भार कळतो. वास्तुछायाचित्रणात तेव्हा रूढ असलेली अठरा बाय चोवीस सेंटिमीटरची एक काच साधारण दीडशे ग्रॅम भरते, म्हणजे शंभर काचांचे ओझे पंधरा किलोच्या आसपास जाते, आणि यात लाकडी पेट्या, भात्याचा कॅमेरा, भिंगे, तिपाई व काळे कापड धरलेले नाही. खेचराचा पाय घसरला तर दिवसभराचे काम दगडावर फुटते. फिल्मचा रोल किंवा मेमरी कार्ड वापरणाऱ्या आपल्या पिढीला हे सांगावे लागते की त्या छायाचित्रकाराला प्रत्येक काच वापरण्यापूर्वी ती या दृश्यावर खर्च करावी की नाही, हे ठरवावे लागत होते. मोहिमेत काय टिपले गेले, याइतकेच कोणत्या गोष्टींवर काच खर्च करावीशी वाटली, हेही पाहण्यासारखे आहे, कारण चर्चांबरोबरच खेड्यांतली घरे आणि त्यांच्या दारांतली माणसेही त्या छायाचित्रांत आली आहेत.

खरी परीक्षा चर्चच्या आत होती. रोमनेस्क चर्चच्या भिंती जाड आणि खिडक्या अगदी अरुंद असतात, वेदीच्या मागच्या अर्धवर्तुळाकार भिंतीत एखाद-दुसरी फट असते, आणि तीच फट कॅमेऱ्याच्या थेट समोर येते. म्हणजे जिथे चित्र आहे तिथे अंधार आणि त्या अंधाराच्या मधोमध डोळे दिपवणारी उजेडाची पट्टी, अशी अवस्था. मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड पाडता येई, पण लहानशा बंद जागेत तिचा पांढरा धूर भरून राहतो. स्वाभाविक उजेडात काम करायचे तर भिंग मिनिटानुमिनिटे उघडे ठेवावे लागते आणि तोवर तिपाई तसूभरही हलता कामा नये. शिवाय कॅमेरा वर कलवून मनोरा किंवा घुमट टिपला तर उभ्या रेषा आत झुकतात आणि इमारत मागे कोसळत असल्यासारखी दिसते. त्यासाठी कॅमेऱ्याचा मागचा भाग ओळंब्यात उभा ठेवून पुढचे भिंग तेवढे वर सरकवायचे असते. वास्तूचा छायाचित्रकार आणि वास्तूसमोर उभा राहून छायाचित्र काढणारा माणूस यांच्यातला फरक इथे कळतो. मासच्या छायाचित्रांतल्या उभ्या रेषा उभ्याच असतात. त्यामुळे त्याचे छायाचित्र मोजमापासाठी वापरता येते, आणि वास्तुविशारदांना त्याच्याकडून हेच हवे होते.

एक उणीव मात्र कितीही कौशल्य असले तरी भरून निघण्यासारखी नव्हती. त्या काळच्या सर्वसाधारण काचांना लाल रंग दिसतच नसे. भिंतीवरचा तांबडा झगा छायाचित्रात काळपट पडायचा आणि निळा रंग फिकट व्हायचा. कातालान भित्तिचित्रांचा सारा जीव ज्या रंगांच्या आमनेसामने उभ्या पट्ट्यांत आहे, ते नातेच काचेवर उलटे उमटायचे. म्हणून अध्ययन संस्थेने पुढे जुआन वाल्योनरात या चित्रकाराकडून त्या चित्रांच्या रंगीत नकला करून घेतल्या. रेषा आणि जागा छायाचित्राने द्यायची, रंग नकलेने द्यायचा, अशी ती वाटणी होती. या दोन्हींच्या आधारे कातालान भित्तिचित्रांवरची पुस्तकमाला संस्थेने १९०७ पासूनच भागशः प्रसिद्ध करायला सुरुवात केली, आणि पुच इ कादाफाल्क याने आन्तोनी दे फाल्गेरा व गोदाय यांच्यासह लिहिलेला रोमनेस्क वास्तुकलेवरचा मोठा ग्रंथ १९०९ ते १९१८ या काळात तीन खंडांत बाहेर आला.

मोहिमेतल्या दोन जागा जवळून पाहू.

पहिली बोईच्या खोऱ्यातले एरिल ला वाल. या लहानशा गावाच्या चर्चमध्ये मोहिमेला ख्रिस्ताचे शव क्रूसावरून खाली उतरवतानाचा लाकडी मूर्तींचा समूह सापडला. सात मूर्ती : मधोमध ख्रिस्त, त्याला उतरवून घेणारे दोन पुरुष, दोन्ही टोकांना दोन चोर, आणि दुःखाने स्तब्ध उभे असलेले मारिया व योहान. लांबट, कृश देह आणि सरळ कोरलेल्या वस्त्रांच्या चुण्या, एवढ्यावर हा समूह उभा आहे. आज यातल्या पाच मूर्ती विकच्या संग्रहालयात आहेत, आणि मारिया व योहान बार्सिलोनाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहेत. दोन शहरांमध्ये साधारण सत्तर किलोमीटरचे अंतर आहे. आई ज्याच्याकडे पाहत उभी आहे तो मुलगा दुसऱ्या गावात आहे. मोहिमेच्या छायाचित्रात मात्र ही माणसे एकत्र आहेत. मला या एका उदाहरणातच मासच्या कामाचे मोल पुरेसे दिसते. मूर्ती दोन्हीकडे उत्तम सांभाळलेल्या आहेत, कुणी त्यांची हेळसांड केलेली नाही, आणि तरीही त्यांच्यामधली जी मोकळी जागा होती ती कोणत्याच संग्रहालयाला नेता आली नाही.

दुसरी जागा त्याच खोऱ्यातले ताउल. तिथल्या सांत क्लिमेंत चर्चच्या एका खांबावर रंगवलेल्या लेखानुसार १० डिसेंबर ११२३ रोजी रोदाचा बिशप रामोन याच्या हस्ते ते पवित्र करण्यात आले, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच गावातले सांता मारिया चर्च. सांत क्लिमेंतच्या वेदीमागे अर्धवर्तुळाकार भिंत आहे आणि तिच्यावर पाव गोलाएवढा घुमट आहे. या घुमटात बदामी आकाराच्या प्रभावळीत बसलेला ख्रिस्त रंगवलेला होता. उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला, डाव्या हातात उघडा ग्रंथ आणि त्यावर लॅटिन अक्षरे : मी जगाचा प्रकाश आहे. युरोपच्या मध्ययुगीन चित्रकलेतल्या सर्वांत प्रभावी मुद्रांपैकी ही एक आहे असे म्हणायला मी कचरणार नाही. परंतु १९०७ साली मास तिपाई लावून उभा राहिला तेव्हा त्याला जे दिसले ते आज संग्रहालयात दिसते तसे नव्हते. वेदीवर नंतरच्या गॉथिक काळातला उंच चित्रित लाकडी पडदा उभा होता आणि अर्धगोल भिंतीचा मोठा भाग त्याच्यामागे झाकला गेला होता. ख्रिस्त त्या पडद्याच्या वरून खाली पाहत होता. मासने पडदा हलवून ‘स्वच्छ’ चित्र मिळवण्याचा आग्रह धरला नाही. आठशे वर्षांच्या वापरात त्या जागेचे जे झाले होते, ते त्याने आहे तसे टिपले. कलेच्या पुस्तकासाठी हे छायाचित्र अडचणीचे आहे, कारण त्यात हवे ते चित्र पूर्ण दिसत नाही. वास्तूच्या इतिहासासाठी मात्र ते अनमोल आहे, कारण गावकऱ्यांनी शतकानुशतके ज्या चर्चमध्ये प्रार्थना केली ते चर्च त्यात आहे.

भिंती रिकाम्या होतात

मोहिमेनंतर बारा वर्षांनी, १९१९ साली, मूर या गावच्या सांता मारिया चर्चमधील भित्तिचित्रे भिंतीवरून उतरवून विकली जात असल्याचे उघडकीस आले. संग्राहक ल्युईस प्लांदिउरा याच्या हातून ती परदेशी गेली आणि १९२१ साली बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाने ती घेतली. आजही ती तिथेच आहेत. या व्यवहारामागे परदेशी व्यापारी होते, आणि चित्रे उतरवणारा तज्ज्ञ इटलीतल्या बेर्गामोचा फ्रांको स्तेफानोनी होता. व्यापाऱ्यांनी बोईच्या खोऱ्यातील चर्चांच्या चित्रांबाबतही बोलणी केलेली होती. त्या काळच्या स्पॅनिश कायद्यात अशी विक्री आणि निर्यात अडवण्याची पुरेशी तरतूद नव्हती. जिथे पाद्र्याला छपराची गळती थांबवायला पैसा मिळत नव्हता, तिथे भिंतीवरच्या जुनाट रंगासाठी कुणी रोख रक्कम मोजत असेल तर नाही म्हणणे किती जणांना जमले असते?

बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने, जुआकिम फोल्क इ तोरेस याच्या पुढाकाराने, एक कठीण निर्णय घेतला. चित्रे जागेवर राखता येत नसतील तर ती व्यापाऱ्यांच्या हाती पडण्यापूर्वी स्वतः विकत घ्यायची, उतरवायची आणि बार्सिलोनात आणायची. आणि हे काम करायला मंडळाने स्तेफानोनीलाच नेमले, कारण ती कला जाणणारी माणसे दुसरी नव्हती. १९१९ ते १९२३ या काळात हे काम झाले. पद्धत अशी होती : चित्रावर जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या सरसात भिजवलेले कापड चिकटवायचे आणि ते वाळू द्यायचे. वाळताना सरस आकसतो आणि रंगाचा पातळ थर गिलाव्यापासून सुटून कापडाला धरतो. मग ते कापड सोलून काढायचे, गुंडाळायचे, खेचरांवर लादून खाली आणायचे, बार्सिलोनात मागच्या बाजूने नवे कापड बसवायचे, पुढचे कापड गरम पाण्याने सोडवायचे आणि भिंतीच्या वळणाबरहुकूम केलेल्या लाकडी सांगाड्यावर चित्र पुन्हा ताणायचे. म्हणजे ज्या वाटेने मासच्या काचा वर चढल्या, तिथूनच चित्रांच्या गुंडाळ्या खाली उतरल्या. १९२४ साली ती चित्रे सिउतादेया उद्यानातल्या संग्रहालयात मांडली गेली आणि १९३४ मध्ये मोंतजुइक टेकडीवरच्या राष्ट्रीय प्रासादात आली.

इथे तो अवघड प्रश्न उभा राहतो. १९०७ च्या मोहिमेने आणि तिच्या प्रकाशनांनीच व्यापाऱ्यांना वाट दाखवली का? आडवळणाच्या दरीतल्या अंधाऱ्या चर्चमध्ये काय आहे, हे छापील पानांवर छायाचित्रासह आल्यानंतर ते सगळ्यांसाठीच खुले झाले, अभ्यासकासाठी आणि खरेदीदारासाठीही. हे नाकारण्यात अर्थ नाही आणि छायाचित्रकाराला यातून सरसकट मोकळे करावे असेही मला वाटत नाही. जी वस्तू राखायला कायदा नाही, पहारा नाही आणि निधी नाही, तिचा पत्ता छापणे म्हणजे ती उघड्यावर ठेवणेच असते. जुन्या वास्तूंची नोंद करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कुठल्याही देशातला असो, हा भाग दोनदा वाचावा. आपल्या छायाचित्रात आतली मूर्ती, दाराचे कुलूप आणि गावाचे नाव एकाच वेळी दिसत असेल, तर ते कुणाच्या हाती जाईल याचा विचार छायाचित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी व्हायला हवा.

पण दुसरी बाजू तितकीच खरी आहे. मूरची चित्रे निघाल्यावर संग्रहालय मंडळाला जी घाई करता आली, ती कुठे काय आहे याची यादी हाताशी असल्यामुळे. बारा वर्षांची ती छायाचित्रे, नकला आणि ग्रंथ नसते तर कोणत्या खेड्यातल्या कोणत्या भिंतीसाठी पैसा उभा करायचा, हे मंडळाला कोणत्या आधारावर सांगता आले असते? आणि चित्र उतरवणे हा सर्वांत चांगला मार्ग होता असे मानले तरी त्या कृतीने वास्तूची त्वचा तेवढी वाचली. दुरून, अंधारातून, झरोक्याच्या तिरप्या उजेडात वर पाहण्यासाठी रंगवलेला ख्रिस्त आता सपाट, सारख्या विजेच्या प्रकाशात समोर येतो. संग्रहालयाचा यात दोष नाही. परंतु रंग भिंतीला, भिंत वेदीला आणि वेदी माणसांना बांधलेली होती, ती वीण सुटली ती सुटलीच. तिची शेवटची नोंद मासकडे आहे. दस्तऐवज म्हणून छायाचित्राकडून मी हीच अपेक्षा करतो : वस्तू इतरत्र कशीही राहिली तरी तिची जागा त्यात राहावी.

एका मोहिमेतून एक संग्रह

या मोहिमेने मासच्या कारकिर्दीला दिशा दिली. जुलै १९०९ मध्ये बार्सिलोनात उठाव झाला आणि त्या एका आठवड्यात शहरातली कितीतरी चर्चे व मठ जळाले. दगड टिकाऊ असतो, म्हणून इमारतीची नोंद सावकाशीने करता येईल, हा समज त्यानंतर कुणाच्या मनात उरला नसेल. १९१५ पासून मासचा स्टुडिओ ‘स्पेनच्या चित्रसूची’च्या मोठ्या प्रकल्पात गुंतला. बार्सिलोनात भरवायच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या तयारीचा तो भाग होता, ते प्रदर्शन प्रत्यक्षात १९२९ साली भरले. या सूचीसाठी मासचा मुलगा पेलाय आणि त्यांचे सहकारी स्पेनभर फिरले. कॅथेड्रल, मठ, राजवाडे, खेड्यांतली देवळे, कोरीव दारे, वेद्या, थडगी, सगळे एकाच शिस्तीने टिपायचे : आधी बाहेरून संपूर्ण इमारत, मग आतली जागा, मग एकेक भाग, आणि प्रत्येक काचेला क्रमांक व गावाचे नाव. कुठलेही एक छायाचित्र भिंतीवर टांगण्याजोगे असेलच असे नाही. हजारो छायाचित्रे एकत्र ठेवली की मात्र दोन चर्चांची दारे शेजारी मांडता येतात, एकाच कारागिराचा हात दोन प्रांतांत ओळखता येतो, आणि एखादी मूर्ती मूळची कुठली होती याचा निवाडा करता येतो.

माझ्या मते मासला कलावंत ठरवण्याची धडपड त्याच्यावर अन्याय करते. त्याच्या काही छायाचित्रांत उजेडाची फार सुंदर जाण आहे, हे खरे. परंतु त्याचे थोरपण सातत्यात आहे, एकदा ठरवलेली पद्धत चार दशकांच्या जवळपास न मोडता चालवण्यात आहे आणि संग्रह आपल्यानंतर कुणाच्या तरी उपयोगी पडावा अशा रीतीने मांडून ठेवण्यात आहे. वही नीट नसेल तर लाखभर काचा म्हणजे नुसता काचेचा ढीग होतो. कोणती काच कुठली, कधीची आणि कशाची, हे लिहून ठेवणाऱ्या हातांची नावे फारशी कुणाला माहीत नसतात, पण संग्रहाचा कणा तेच असतात.

१९३६ साली मासचे निधन झाले. त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि कातालोनियात व शेजारच्या आरागोनमध्ये असंख्य चर्चे पुन्हा जळाली. आरागोनमधील सिजेना मठाच्या सभागृहातली तेराव्या शतकाच्या आसपासची भित्तिचित्रे त्या उन्हाळ्यात आगीत सापडली. जे उरले ते उतरवून वाचवले गेले खरे, पण उष्णतेने त्यांचे रंग कायमचे बदलले आणि बराचसा भाग नष्टच झाला. ती चित्रे मुळात कशी होती, त्यांचा दूरच्या इंग्लंडमधील विंचेस्टरच्या सचित्र बायबलशी संबंध कसा लागतो, हे अभ्यासकांना ताडून पाहता आले ते आगीपूर्वी घेतलेल्या छायाचित्रांवरून, आणि त्यांत आर्काइव्ह मासची छायाचित्रे आहेत. ताउलला चित्र वाचले आणि त्याची जागा गेली. सिजेनाला जागा उरली, चित्र होरपळले. दोन्हीकडे जे हरवले ते काळ्या-पांढऱ्या काचेत शिल्लक आहे, रंगाशिवाय, पण आपल्या ठिकाणी.

१९४१ साली तेरेसा आमायेर हिने हिस्पॅनिक कलेच्या अभ्यासासाठी आमायेर संस्था स्थापन केली आणि आर्काइव्ह मास तिच्याकडे आला. संस्थेची धुरा जोसेप गुदिओल इ रिकार्त याने वाहिली. १९०७ च्या मोहिमेतला पाद्री गुदिओल हा त्याचा काका. संस्थेचे घर पासेज दे ग्रासिया या रस्त्यावरचे कासा आमायेर, आणि चॉकलेटचा कारखानदार आन्तोनी आमायेर याच्यासाठी ते घर विसाव्या शतकाच्या तोंडावर उभारणारा वास्तुविशारद पुच इ कादाफाल्क, म्हणजे मोहिमेचा म्होरक्या. ज्याच्यासाठी त्या काचा टिपल्या, त्यानेच बांधलेल्या छपराखाली त्या येऊन विसावल्या. संग्रहातील निगेटिव्हची संख्या आज तीन लाखांच्या वर आहे, त्यांत पेलायने आणि नंतरच्यांनी घातलेली भरही आली.

ताउलला आज गेलेल्या माणसाला सांत क्लिमेंतच्या अर्धगोल भिंतीवर मूळ ख्रिस्त दिसत नाही. १९६० च्या सुमारास तिथे एक नक्कल बसवली होती, पुढे ती काढली गेली. बोईच्या खोऱ्यातली नऊ चर्चे २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. २०१३ पासून या चर्चमध्ये ठरावीक वेळी दिवे मालवले जातात आणि मोकळ्या गिलाव्यावर प्रकाशाने चित्र उमटवले जाते. आधी रेषा येतात, मग एकेक रंग भरत जातो, बाराव्या शतकातल्या चित्रकाराने ज्या क्रमाने काम केले असेल त्या क्रमाने. उतरवताना मागे राहिलेले मूळ चित्राचे थोडे तुकडे त्याच भिंतीवर जागच्या जागी आहेत आणि प्रक्षेपित रंग त्यांच्याशी जुळवलेले आहेत. काही मिनिटांनी प्रकाश विझतो आणि तुकडे तेवढे उरतात. या प्रक्षेपणात ११२३ चा ख्रिस्त आहे. वेदीवरचा गॉथिक पडदा आणि त्याच्यावरून खाली पाहणारा, अर्धवट झाकलेला ख्रिस्त, म्हणजे गावाने शेकडो वर्षे रोज पाहिलेले दृश्य, त्यात नाही. ते पाहायचे असेल तर १९०७ च्या काचेवरून काढलेली प्रत मागवावी लागते.